ढुशी

ता. ३, मंगळवार

आज बोटीवर रुजू झाले. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक आहे, पण बंदरात सगळे तिला करडी म्हणतात, म्हणून मीही करडीच लिहीन. मत्स्यखात्याची गस्तीची बोट. बंदूक नाही, तोफ नाही. पाण्याचा एक मोठा पंप, एक भोंगा आणि दोन्ही कुशींना लटकवलेले ट्रकचे जुने टायर, एवढाच काय तो तिचा दरारा. मी तिच्यावर स्वयंपाकीण.

रोज लिहायची मला सवय नाही. पण इथे बोलायला कोणी नाही, आणि जे मनात आहे ते बोलण्यासारखंही नाही. म्हणून लिहिते. मी इथे भात शिजवायला आलेली नाही. माझ्या लेकाला ज्यांनी मारलं त्यांना जवळून बघायला आले आहे, आणि संधी मिळाली तर त्यांचं वाटोळं करायला.

झालं ते असं. किनाऱ्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर समुद्रात एक मोठा उथळ पट्टा आहे. तिथे मासळी रग्गड. आपण म्हणतो पट्टा आमचा, पलीकडचे म्हणतात त्यांचा. मच्छीमार त्याला वादाचं पाणी म्हणतात. लढाऊ जहाजं तिथे कोणीच आणायची नाहीत असं ठरलं आहे, म्हणून दोन्हीकडची मत्स्यखाती आपापली बोट तिथे उभी करतात. आमची करडी, त्यांची पांढरी. गेल्या थंडीत, एका धुक्याच्या सकाळी, माझा लेक आपली छोटी होडी घेऊन तिथे जाळं टाकत होता. भागीदार तापाने फणफणला होता म्हणून एकटाच गेला. पांढरीने त्याला धडक दिली आणि निघून गेली. आमच्या कप्तानाने त्याला पाण्यातून काढलं, फुटकी होडी ओढून किनाऱ्याला लावली. लेक मेलेला आला, पण आला. कप्तानाचे ते उपकार मी विसरणार नाही.

माझा जन्म बंदरातल्या उपाहारगृहात गेला. इथली जागा रिकामी झाली तसा अर्ज केला. कप्तानाने माझं नाव वाचलं आणि लगेच होकार दिला. ना अनुभव विचारला, ना वय. करडीवर कोणी टिकत नसेल, दुसरं काय.

ता. ४, बुधवार

दिवसभर ओकले. पोटात होतं नव्हतं ते सगळं समुद्रार्पण केलं. इंजिनाचा मिस्त्री दारातून डोकावून म्हणाला, "मावशी, माशांना खायला घालायला पंप आहे की आपल्याकडे, तुम्ही का त्रास घेता?" मेल्याला हसू आवरेना. पण नंतर बादली तोच धुऊन घेऊन आला.

कप्तानाने मला स्वतःची खोली दिली आहे, खिडकीवाली. स्वतः वर, सुकाणूच्या केबिनमध्ये, बाकावर झोपतो. बोटीवर सगळे मला मावशी म्हणतात. कप्तान काहीच म्हणत नाही. बोलायची वेळ आली तर माझ्या मागच्या भिंतीकडे बघून बोलतो. बुजरा माणूस दिसतो.

ता. ७, शनिवार

दिसली. आज सकाळी पांढरी दिसली.

मी आपली कल्पना केली होती काहीतरी अक्राळविक्राळ. प्रत्यक्षात दवाखान्याच्या भिंतीसारखी गुळगुळीत, कुठे ओरखडा नाही, डाग नाही, कुशीला टायर नाहीत. नटवी मेली. हातातली कांद्याची सुरी मी इतकी घट्ट धरली होती की मिस्त्रीने ती हळूच काढून घेतली.

सकाळी आधी आमचा कप्तान भोंग्यावरून जाहीर करतो, "आपण आमच्या हद्दीत आहात, कृपया मागे फिरा." मग पांढरीवरून तेच वाक्य आम्हाला ऐकवतात. वायरलेसवरही तेच, म्हणजे आसपासच्या सगळ्या होड्या ऐकतात. दोघंही "कृपया" म्हणतात. हे झालं की दोन्हीकडे चहा.

खरी लढाई म्हणजे ढुशी. आपल्या एखाद्या होडीला हुसकवायला पांढरी पुढे आली की करडी मध्ये घुसते आणि तिला कुशीने, नाकाने रेटत मागे लोटते. बैल बैलाला लोटतो तसं. मिस्त्री सांगत होता, "पांढरी शेवटच्या घटकेला अंग चोरते हो मावशी. रंग जाईल ना तिचा! आमचा कप्तान मात्र भिडतो." मी म्हटलं, "माझ्या पोराच्या वेळी नाही चोरलं तिने अंग." मिस्त्री खाली इंजिनाकडे गेला.

ता. १०, मंगळवार

आज एक गोष्ट कळली आणि माझं डोकंच फिरलं.

दुपारी ओहोटी लागली तेव्हा मिस्त्रीने एक निळं पिंप आणलं, त्यात लिंबं आणि काड्यापेट्या भरल्या, झाकण आवळलं आणि पिंप पाण्यात सोडून दिलं. ओहोटीचं पाणी आमच्याकडून पांढरीकडे वाहतं. पिंप डुलत डुलत तिच्याकडे गेलं. तिथे एका टकल्या माणसाने लांब काठीच्या आकडीने ते वर ओढून घेतलं. भरती लागली तसं तेच पिंप आमच्याकडे परत. आत कांदे, साखर आणि आमचाच मागच्या वेळचा डबा, घासून लख्ख केलेला.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"देवाणघेवाण. आधीपासून चालत आलंय, मावशी. महिना महिना समुद्रात राहायचं. त्यांचं लिंबू संपतं, आपला कांदा संपतो. तो टकला त्यांचा स्वयंपाकी आहे."

"आणि कप्तान?"

"कप्तान त्या वेळी दुसरीकडे बघतो."

म्हणजे माझ्या लेकाला मारायचं आणि कांदे पाठवायचे! आणि आमचे हे दीडशहाणे ते कापून खाणार! संध्याकाळच्या भाजीत मी कांदा घातला नाही. सगळे कुरकुरले. कुरकुरू देत.

डबा मात्र खरंच छान घासला होता. मारेकऱ्यांना हे वळण कुठून आलं कोण जाणे.

ता. १२, गुरुवार

आठवड्यातून एकदा वरच्या केबिनमधून घरी फोन करायला मिळतो. आज सुनेशी बोलले.

ती म्हणाली, "आई, परत या. नात सारखी विचारते."

मी म्हटलं, "येईन. काम झालं की येईन."

"कसलं काम? तुम्ही तिथे भात करताय."

मग ती होडीचं बोलली. होडी किनाऱ्यावर आडवी पडली आहे, जवळून जाताना बघवत नाही, दुरुस्त तरी करू नाहीतर मोडीत तरी काढू, असं तिचं म्हणणं. मी बजावून ठेवलंय की त्या होडीला कोणी हात लावायचा नाही. रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसली पाहिजे. लोक फार लवकर विसरतात.

"निदान धुऊन ठेवावी म्हणून काल गेले होते," सून म्हणाली. "तो भोकाजवळचा काळा पट्टा निघतच नाही. घासला की हाताला लागतो, रबर जळल्यासारखा वास येतो."

"डांबर असेल," मी म्हटलं.

"डांबर नाही, आई. डांबर मला कळत नाही का?"

हिला नवरा गेला त्याचं काही नाही, पट्टा कसला याचं पडलंय. मी फोन ठेवला. हिने त्याला संसारात घेतला, मी पोटात वाढवला. आग सारखी कशी लागेल?

ता. १५, रविवार

समुद्र खवळलेला. भटारखान्यात भांडी पायात घोटाळत होती. त्यात कुशीचे टायर दिवसभर आपटत, घासत राहिले आणि खिडकी उघडी राहिली तर काळी धूळ आत येते. माझे पांढरे पंचे सगळे करडे झाले. या बोटीवर काहीही स्वच्छ राहत नाही.

मिस्त्री जेवायला उशिरा आला, म्हणून एकटाच होता. मी त्याला सरळ विचारलं, त्या सकाळी काय झालं. तो म्हणाला, "मी खाली असतो, मावशी. इंजिनाजवळ. मला काय दिसणार? नुसता धक्का कळतो."

"कळला होता?"

त्याने ताटातला भात बाजूला सारला. "दोन कळले. आधी हलका, मग मोठा."

म्हणजे त्या पांढरीने दोनदा धडक दिली! एकदा मारून पोट भरलं नाही. मी हे बोलून दाखवलं तर मिस्त्री म्हणाला, "मावशी, तुम्ही कप्तानाला विचारा." मग म्हणाला, "नाही, नका विचारू. त्याच्या हाताला त्या दिवसापासून कंप सुटलाय, तुम्ही पाहिलंय ना."

पाहिलंय. चहाची बशी खुळखुळते. परक्याच्या पोरासाठी इतकं लावून घेणारा माणूस! आणि पलीकडे तो टकला मजेत लिंबं चोखत असेल. मला ओकाऱ्यांचा त्रास आहे हे मिस्त्रीने वायरलेसवर कोणाला तरी सांगितलं होतं म्हणे, तर काल पिंपातून टकल्याने सुंठ पाठवली. "नव्या बाईंना द्या" म्हणून. मी ती घेतली. ओकारी थांबली. त्याचाही मला रागच आला.

ता. १७, मंगळवार

आज एका होडीवाल्याने ताज्या मासळीची पाटी दिली. त्यात फुगा मासे निघाले, दोन चांगले मोठे. हात लावला की पोट फुगवून बसतो तो. बंदरावरचं शेंबडं पोरही सांगेल की तो खायचा नाही. खाल्ला तर आधी ओठ बधिर होतात, मग हात, मग श्वास. होडीवाला म्हणाला, "ते टाकून द्या हो मावशी, चुकून आले."

मी "टाकते" म्हटलं.

टाकले नाहीत. वेगळ्या डब्यात, बर्फात, सगळ्यात खाली ठेवले आहेत. डब्यावर कापड बांधलं आहे. लिहिताना हात जरासुद्धा थरथरत नाही. कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. दुपारी भांडी घासताना मी गुणगुणत होते म्हणे, मिस्त्रीने विचारलं, "लॉटरी लागली का मावशी?"

ता. १९, गुरुवार

उद्या दुपारी ओहोटी सोयीची आहे. मी मिस्त्रीला सांगितलं, उद्याच्या पिंपात मी माशाच्या रश्श्याचं पातेलं पाठवणार, त्या टकल्याची सुंठ फेडायला. तो इतका खूश झाला की मला मिठीच मारायची बाकी ठेवली. "बघा, मी म्हणत होतो ना, मावशीचं मन मोठं आहे!"

मनाचं कशाला काढतोस बाबा.

एकच गोष्ट खुपते, ती लिहून टाकते. पांढरीवर सगळेच थोडे सुकाणू धरतात? टकला तर माझ्यासारखाच, चुलीपुढचा. त्या सकाळीही तो कांदेच चिरत असणार. पण मग मी स्वतःला विचारलं, माझ्या लेकाने तरी कोणाचं काय केलं होतं? त्याचा विचार कोणी केला? बोटीवर जो असतो तो बोटीचा. संपला विषय.

रश्श्याला वाटण भरपूर घालणार आहे. चवीत नाव ठेवायला जागा राहू नये.

ता. २०, शुक्रवार

संध्याकाळ आहे. सगळं सलग लिहिते, नाहीतर उद्या मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

दुपारी ओहोटी लागली. पातेल्याला फडकं बांधून पिंपात ठेवलं, मिस्त्रीने पिंप सोडलं. ते निवांत निघालं. तेवढ्यात वर धावपळ झाली. आमची एक होडी जाळ्याच्या मागे वाहत पट्ट्याच्या पार आत गेली होती आणि पांढरी तिच्यावर भोंगा वाजवत निघाली होती. कप्तानाने करडी मध्ये घातली. ढुशी मी पहिल्यांदाच बघत होते, भटारखान्याच्या दाराला धरून.

पांढरी समोरून आली, आणि मिस्त्री म्हणाला होता तसंच, अजून चांगली दोन बोटींची जागा होती तेव्हाच तिने अंग चोरलं. मागे सरकली. पण आमची करडी रेट्यात होती, ती वळतच राहिली. होडी आमच्या कुशीखाली आली. वरून सुकाणूच्या केबिनमधून ती दिसणं शक्यच नव्हतं. मला दिसली कारण माझं दार पाण्यालगत आहे. मी ओरडले. मिस्त्री खाली, कप्तान वर, इंजिनाचा घरघराट. कोणाला ऐकू जाणार? एक हलका धक्का बसला. होडीतली माणसं आडवी झाली, टायर तिच्या अंगावरून करकरत घासत गेले, आणि लाटेने तिला बाहेर फेकली म्हणून वाचली.

ती माणसं शिव्या देत होडी घेऊन आमच्या कुशीला लागली. मी चहा खाली द्यायला वाकले. तोल जाऊ नये म्हणून त्यांच्या होडीच्या कडेला तळवा टेकला. वर उचलला तर काळा. रबर जळल्यासारखा वास.

आधी मी तळव्याकडे बघितलं, मग त्यांच्या होडीवरच्या पट्ट्याकडे. तोच पट्टा. तितक्याच उंचीवर. होडीतला म्हातारा म्हणत होता, "तुमच्या टायरांनी आमची होडी सोलली, आता हे कशाने निघायचं?" मी पांढरीकडे बघितलं. ती आपल्या जागी परत जात होती, गुळगुळीत, टायर नसलेली, ओरखडा नसलेली.

हलका धक्का आधी, मोठा नंतर. दोन्ही आमचेच.

मग पिंप आठवलं. ते निम्म्याहून पुढे गेलं होतं, आणि टकला आकडीची काठी घेऊन कठड्याशी येऊन थांबलाही होता.

मी वर धावले. या वयात ती लोखंडी शिडी मी कशी चढले देव जाणे. कप्तान सुकाणूशी उभा होता, घामाने भिजलेला.

"बोट फिरवा. पिंप परत आणायचं."

"राहू द्या हो. आता ते त्यांच्या..."

"त्यात विष आहे."

त्याने पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघितलं. मी त्याच्यापुढे तळवा धरला. "आणि हे तुझ्या टायरचं आहे."

त्याने कशाचंच स्पष्टीकरण मागितलं नाही. सुकाणू गरकन फिरवलं आणि करडी सरळ पांढरीवर सोडली. पलीकडून भोंग्यावर "मागे फिरा, मागे फिरा" सुरू झालं. या वेळी कृपया नव्हतं. टकल्याची आकडी पिंपाला लागणार इतक्यात आमचं नाक मध्ये घुसलं. शिडी उतरता उतरता मी मिस्त्रीला ओरडून वर बोलावलं, काहीही कर पण पिंप सोडू नकोस. त्याने अर्धं अंग पाण्यावर लोंबकळत ते ओढून घेतलं. टकला इतका जवळ होता की त्याच्या भुवया दिसत होत्या. तो भाबडेपणाने ओरडला, "अहो बाई, आमचं आहे ना ते?"

त्याला काय सांगू? मी आत पळाले.

मग कप्तान भटारखान्यात आला. दार लावून घेतलं. पातेलं ओट्यावर होतं. तो स्टुलावर बसला आणि भिंतीकडे न बघता बोलला.

"धुकं होतं. होड्यांना मीच वायरलेसवर सांगितलं होतं, जाळी उचलू नका, मी मध्ये उभा राहतो. पांढरी आली, मी ढुशी घेतली. ती मागे सरली. मला वाटलं तिलाच लागलं. आनंद झाला मला. अजून एकदा रेटलं."

"मग?"

"मग खाली बघितलं."

"जिवंत होता?"

"होता. थोडा वेळ. मी त्याला वर घेतला. त्याला वाटलं मी वाचवायला आलोय. म्हणाला, कप्तान, माझं जाळं कापू नका, नवीन आहे."

मला तेव्हा रडू आलं नाही. लेकाचं शेवटचं बोलणं मला आज मिळालं, आणि तेही याच्या तोंडून.

"खात्याच्या ऑफिसला मी खरं कळवलं होतं," तो म्हणाला. "त्यांनी सांगितलं, पांढरीने मारलं असंच म्हणायचं. हद्दीचा प्रश्न आहे. मी म्हटलं. तुमचा अर्ज आला तेव्हा वाटलं, निदान..." त्याने मांडणीवरून एक ताट घेतलं, पातेल्याचं फडकं सोडलं आणि ताट माझ्यापुढे धरलं. "वाढा."

खोटं कशाला लिहू? माझा हात वाढायच्या डावाकडे गेला. मी वाढलं. काठोकाठ वाढलं. त्याने घास कालवला. हात तोंडाकडे निघाला होता, आणि चेहरा असा झाला होता की जणू आता सुटणार.

तो चेहरा बघून माझं टाळकं सरकलं. मी ताटाला असा फटका मारला की रस्सा भिंतीवर उडाला.

"इतक्या स्वस्तात? तू मरशील आणि लोक म्हणतील पांढरीने मारला. तुझ्या नावाचा चौक करतील. आणि माझा लेक त्यांच्याच नावावर जमा राहील! ऊठ. मरायचं नाही तुला. उद्या सकाळी भोंग्यावर जे बोलतोस ना, तिथे हे बोलायचं. सगळ्यांनी ऐकलं पाहिजे."

"नोकरी जाईल. तुरुंग होईल. हा पट्टासुद्धा जाईल हातातून."

"पट्टा घाल चुलीत."

तो हात धुऊन वर गेला. मी पातेलं समुद्रात उलटं केलं, मग ओटा आणि भिंत सोड्याने तीनतीनदा धुतली.

ता. २१, शनिवार

बोलला.

मी त्याच्या शेजारी उभी राहिले, पळवाट नको म्हणून. त्याने भोंगा आणि वायरलेस दोन्ही सुरू केले. सवयीने "आपण आमच्या हद्दीत" एवढं तोंडातून गेलं, मग थांबला. मी त्याच्या पाठीत बोट खुपसलं. मग त्याने सांगितलं. धुकं, ढुशी, होडी, लेकाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, माझं नाव. धडक करडीची होती, पांढरीची नव्हती. खोटं मी बोललो, बोलायला वरून सांगितलं. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

नंतर पांढरीवरून रोजचं उत्तर आलं नाही. लांबच्या होड्यांमधली माणसं उभी राहून आमच्याकडे बघत होती. मग ऑफिसचा फोन वाजायला लागला आणि वाजतच राहिला. मिस्त्री खालून वर आला, टोपी काढली आणि माझ्यापुढे मान खाली घालून उभा राहिला. म्हणाला, "मावशी, मला धक्क्यांवरून कळलं होतं. तोंड उघडायची छाती झाली नाही."

मी म्हटलं, "इंजिन सुरू कर. घरी जायचंय." त्याला माफ केलं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. टकल्याला मी काय करायला निघाले होते ते मिस्त्रीला माहीत नाही, आणि मीही तोंड उघडलेलं नाही.

ता. २२, रविवार

परतीच्या वाटेवर आहोत. हुकूम आलाय की कप्तानाने सुकाणूला हात लावायचा नाही, खोलीत बसून राहायचं. त्याची खोली म्हणजे मी राहत होते तीच. मी माझं गाठोडं भटारखान्यात आणलं. बंदरात पोलीस थांबलेले असणार.

सुनेचा फोन आला. लेकाचा भागीदार आता दुसऱ्या होडीवर जातो, तिच्या वायरलेसवर तिने ऐकलं होतं. ओरडेल, रडेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "आई, तुम्ही जेवलात का?" मी नाही म्हटलं. पण फोन ठेवला नाही. ती घरात, मी समुद्रात. होडी मोडीत काढू का असं या वेळी तिने विचारलं नाही. मीच सांगितलं, की होडी कोर्टात लागेल, ताडपत्री टाकून ठेव.

मला वाटलं होतं बदला घेतला की छाती मोकळी होईल. मोकळी वगैरे काही झालेली नाही. आत अजून धगधगतंय, फक्त आता कोणाकडे बघायचं ते कळलंय.

कप्तानाने कालपासून अन्नाला शिवलं नाही. दुपारी मिस्त्री भरलेलं ताट परत घेऊन आला. म्हणाला, "नको म्हणतो, मावशी. असाच राहिला तर बंदरापर्यंत आडवा होईल."

म्हणजे हा पुन्हा सुटायला बघतोय.

मी नवा भात टाकला, मऊ केला, वर तूप घातलं. ताट घेऊन स्वतः गेले. तो बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी त्याला उठवून बसवलं, ताट मांडीवर ठेवलं आणि दारात स्टूल टाकून बसले.

"जात नाही हो," तो म्हणाला.

"जाईल. मला घाई नाही."

बऱ्याच वेळाने त्याने पहिला घास घेतला आणि तो तोंडात असतानाच रडायला लागला. मी म्हटलं, "रड. पण ताटात शीत ठेवायचं नाही." त्याने सगळं संपवलं. मी आणखी वाढलं, तेही संपवलं.

रात्रीचंही मीच नेणार आहे. तुरुंगात घरचा डबा चालतो का ते बंदरात उतरल्यावर विचारायचं आहे. चालत असेल तर रोज पोचवीन. माणूस अंगाने धडधाकट आहे. नीट जेवला तर पुष्कळ वर्षं जगेल.